उतरताना

वडगावात माग सुरू झाले पहाटे पाचला,
खटखटीनं जाग आली.
हिच्याशिवाय तीन महिने झोप कशी लागली
मलाच नवल.

इरव्वा दारात, वाटीत शेंगाचटणी:
"एन तिंद्री अक्का, अल्ली?"
बस म्हटलो. सांगतो.

पहिल्याच सकाळी सुनेनं पावाला काळं कायतरी लावलं,
मी समजलो जांभळाचा जाम.
चमच्यानं जास्तीचं घेतलो वरनं.
इरव्वा, सुताची खळ मिठात मुरवून
कुणी जिभेवर थापावी, तसं.
नातू निहार बशी चाटालता, मला बघून हसालता.
पंधराव्या दिवशी मीच मागून घेतलो.
भाकरीवर, पातळ, वर कच्चा कांदा.
हे तिथं कुणाला सांगितलो नाही,
तूही सांगू नको.

शनिवारी लेक खिळे आणायला घेऊन गेला,
हातोड्या-रंगांचं हे एवढं दुकान, आपल्या गल्लीएवढं,
आणि दारात परातीवर कांदा परतालते!
पावात सॉसेज घालून देतात, देणगीसाठी म्हणे कुठल्या शाळेच्या.
माझा शनिवार. नुसता कांदा मागितलो.
म्हातारा म्हणाला, कांद्याचे पैसे कसले,
आणि दुप्पट घातला.
लेक ओशाळला. मी नाही.

बुधवारी मात्र एकटीच जात होतो, बसनं, बाजारला.
तिथं लान म्हणून एक व्हिएतनामची बाई बसते,
तिच्याकडं शेवग्याचा पाला, ओली हळद, आणि
नावं ठाऊक नसलेल्या चार जुड्या.
मी म्हटलो शेवगा, मी म्हटलो नुग्गी,
ती तिच्यात कायतरी म्हणाली,
मग दोघी पाल्याचा वास घेऊन गप्प बसलो.
निघताना तिनं एक रताळं दिलं हातात.
वरनं आपल्यासारखंच, मातीसकट,
कापलो तर आत गाजर!
उकडलो. गोड होतं, पण पाणचट.
पुढच्या बुधवारी तिला मानेनंच सांगितलो, छान.
खोटं बोलायला भाषा लागत नाही, हे तिथं कळलं.

देवळात पुण्याच्या एक बाई भेटल्या.
मला थांबवून हसल्या,
"अहो, बाईमाणूस असून मी गेलो, मी आलो काय म्हणता?"
गेलो की, म्हटलो.
सिंगापूरला विमान बदलून एकटी आलो,
आता गेलो म्हणू नको तर काय म्हणू.

इरव्वानं विचारलं, मग छलो इत्तु?
छलो होतं गं.
झाडं तर नीलगिरीचीच,
जांबोटीच्या रस्त्याला आहेत तीच.
फक्त तिथं ती घरची,
आणि मी पाहुणी.

एक सवय तेवढी लागली.
तिथं बसमधनं उतरताना सगळे ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात,
शाळेची पोरं म्हणतात, काठी टेकत उतरणारे म्हणतात,
एकदा एक झिंगलेला, दाराचा दांडा धरून, दोनदा म्हणाला.
आधी लाजत होतो.
शेवटच्या महिन्यात मी आवाज चढवून म्हणत होतो,
ड्रायव्हरनं आरशात हात हलवला पाहिजे, असा.

आज खडेबाजारला गेलो. पावशेर कुंदा घेतलो,
निहारला पार्सल जातंय काय बघायचं होतं,
दुकानदार म्हणाला, तुपाचं, वाटेत वास येईल.
परत सिटी बसनं आलो, गर्दीत, उभ्यानं.
वडगावला उतरताना तोंडातनं गेलं:
थँक्यू.

ड्रायव्हरनं इंजिन तसंच ठेवलं, मान वळवली,
"एन बिट्री, अव्वा? काय राहिलं काय आत?"
मागची माणसंही सीटखाली वाकून बघालती.

काही नाही, म्हटलो.
पिशवी चाचपलो. छत्री होती, चष्मा होता,
कुंद्याचा डबा थोडा तुपकट.
तरी बस वळेपर्यंत
तिथंच उभी राहिलो.