एकेचाळिसावी किल्ली

रॅट्रेबाईंनी किल्ल्या दिल्या तो नवतपाचा तिसरा दिवस.
सदरच्या मिशन बंगल्यात वाळ्याच्या ताट्या भिजवून भिजवून
झिंगरूचे हात पांढरे पडले होते.

सह्या आधीच झालेल्या.
दवाखाना, मुलींचं बोर्डिंग, कामठी रोडकडची विहीर,
दफनभूमीची भिंत, पेटी एक (दोन सूर बंद),
खुर्च्या बेचाळीस, पैकी मोडक्या नऊ.
मोडक्याही बाईंनी मोजल्या होत्या.
एकतीस वर्षं त्या मोजतच आल्या,
मापात औषध, मापात साखर, मापात कौतुक.

बाबा उभे. अंगात शिमोनकाकांचा उसना कोट,
बाह्या बोटांवर आलेल्या.
कालपर्यंत कंपाउंडर अब्नेर सोनटक्के,
आजपासून मंडळाचे कार्यवाह.
"बसा ना, अब्नेर."
बाईंच्या मराठीतला 'ना' नेहमी जरा लांब असायचा.
त्या दिवाणखान्यात बाबांना 'बसा' म्हटलेलं
मी पहिल्यांदाच ऐकलं,
आणि मला वाटतं, बाईंनीही.

चाळीस किल्ल्यांना कापडी पट्ट्या, फिकट शाईत इंग्रजी नावं.
एकेचाळिसावी बोडकी.
"ही कशाची?" बाबांनी विचारलं.
बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"माझ्या आधीच्या मिसनी अशीच दिली.
विचारायचं राहून गेलं."

प्रार्थना दोनदा झाली, त्यांच्या भाषेत आणि आमच्या.
आमची लांबली.
मधेच वीज गेली, पंखा कुरकुरत थांबला
आणि आमेन ऐकू आलं, मागेपुढे, विस्कळीत,
प्रत्येकाचं वेगळं.

फाटकाशी झिंगरू आडवा आला:
"बंगला आपला झाला म्हंते सारे. बेस झालं.
पन एक तारखेले पगार कोन देते, बावा?"

रात्री मुंबई मेलच्या खिडकीतून बाई सांगत होत्या,
पावसाआधी बोर्डिंगचं छप्पर,
टाकीत ब्लिचिंग, मार्थाच्या बाळाला लस.
गाडी हलली, दिसेनाशी झाली.
बाबा अजून मान डोलावतच होते.

मंडळाच्या वहीत तोवर सगळं इंग्रजी.
बाबांनी नवं पान काढलं, मराठीत लिहिलं: 'ठरले की'
आणि कितीतरी वेळ पुढे काही लिहिलं नाही.
आत आईची भांडी आपटत होती.
ठरवायची सवय नव्हती घरात कुणाला.

मग मात्र ठरवणं सुरू झालं आणि भांडणंही.
बंगल्यात कोण राहणार? पास्टरांचा मेहुणा, म्हणाला कुणी.
तिकडून येणारा पैसा निम्मा झाला, मग नुसतं शुभेच्छापत्र.
तीन महिने नर्सांना अर्धा पगार, बाबांना तोही नाही.
"बाई असत्या तर," हे वाक्य
आमच्या लोकांनी वीस वर्षं मिठासारखं वापरलं.
पण त्याच पावसाळ्यात कॉलराची रांग फाटकाबाहेर गेली
तेव्हा कुणाला विचारायचं, हे विचारायला
कुणी थांबलं नाही.

बाबा बंगल्यात जायचे ते मागच्या व्हरांड्यातूनच.
आई एकदा म्हणाली, पुढच्या दाराची किल्ली आहे ना तुमच्याकडे?
"किल्ली आहे," बाबा म्हणाले,
"पायांना अजून कळवलं नाही."

मी त्याच दवाखान्यात मेट्रन झाले, आता निवृत्त.
परवा डॉक्टर सालोमी मकासरेकडे जुडगा दिला.
गडचिरोलीची पोरगी, पुढच्या दारानं येते,
चपला कुठे काढायच्या हेही विचारत नाही.
किल्ल्या चाळल्या तिनं, बोडकीपाशी थांबली.
मी सांगितलं, मला माहीत नाही.
एवढं सोपं असतं ते म्हणणं,
बाबांना कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

तिनं यादी वाचली, हसली.
"मोडक्या खुर्च्या कशाला मोजल्या, मॅडम?"
अकरा आहेत, म्हटलं.
दोन दुरुस्त होतील.