मांदेली आणि झाकण

आधी झाकणावर वीट ठेवली.
घणसोलीत विटेला तोटा नाही,
कुणाची ना कुणाची चाळ टॉवर होतच असते.
रात्री दोनला वीट खाली,
फरशीला टवका,
आणि मांदेली ओट्यावर पंजा चाटत बसलेली,
जणू मीच पाडली.

मग वाशीहून आणला पायाने दाबायचा डबा,
साडेसहाशे रुपयांचा.
तिसऱ्या दिवशी तीही दाबायला शिकली.
वजन साडेतीन किलो. तेवढं पुरतं.

संत्र्याच्या साली झाल्या, व्हिनेगरचं फडकं झालं.
शेजारची त्रिवेणी म्हणाली, कापूर ठेव.
जनावरांच्या डॉक्टरीणबाई फोनवरच ओरडल्या,
अहो, विष असतं ते मांजराला!
मी कापूर देव्हाऱ्यात परत नेला
आणि दोन दिवस तिच्याशी जरा मऊ वागले.

शेवटी कोलंबीची टरफलं, सुरमईचं डोकं,
सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, डबा फ्रीझरमध्ये.
सकाळी घंटागाडी वाजली की
गारठलेला कचरा दोन्ही हातांत धरून जिना उतरायचा,
कुणाला वाण द्यायला निघाल्यासारखं.
(नणंद आली होती. दुपारी तिला श्रीखंड खावंसं वाटलं.
त्याबद्दल आम्ही अजून बोललो नाही.)

ओला कचरा असा कडेकोट झाला,
तेव्हा ती सुक्याकडे वळली.
पहाटे बघते तर घरभर
दुधाच्या पिशव्या, विजेचं बिल,
ओवीचं चाळीसपैकी अकरा गुणांचं गणित, चार तुकड्यांत,
आणि मधोमध मांदेली,
वर्तमानपत्राची एक पुडी नखांनी सोडवत.
कागद सुकटीचा. वास अजून ताजा.
आत सुकट नव्हती.
आत गोळ्या.
गुलाबी, अर्ध्या चंद्राएवढ्या, आणि पांढऱ्या.
मी उकिडवी बसून मोजल्या.
एकोणीस.

म्हणजे दहा दिवस
मामंजी माझ्यासमोर गोळी तोंडात टाकत होते,
वर घोटभर पाणी पीत होते,
मान वर करून आ दाखवत होते.
आणि मी म्हणत होते, शाब्बास.

ते गॅलरीत, पाठमोरे.
पूर्वी जिथे खाडीचं पाणी दिसायचं
तिथे आता समोरच्यांच्या चड्ड्या वाळतात,
तिकडे बघत.
पुडी मी तशीच पुढे धरली.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाले, "ती गोली खाल्ली का
म्हावरा गोर नाय लागत."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस.
ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत
कुठल्या भरतीला काय लागतं, तोंडपाठ.
त्याला मी काय सांगणार
रक्तदाबाचं.

डॉक्टरांनी पांढरी गोळी बदलून दिली.
गुलाबी आहे तशीच.
मी हार्डवेअरवाल्याकडून पेटीची कडी आणली
आणि दोन्ही डब्यांना ठोकून घेतली.
कडीला नख लागत नाही.
पहिल्या रात्री मांदेलीने तासभर प्रयत्न केला,
मग झाकणावर चढली,
शेपटी पायांभोवती गुंडाळली, आणि बसली.
तेव्हापासून तिथेच असते.
साल टाकायची तर आधी तिला उठवा,
ती नाराजीने उतरते,
कडी लागली की परत वर.

काल रात्री जेवणं झाल्यावर
मी भांडी विसळत होते, पाठ वळवून.
मामंजी आले, चप्पल न वाजवता,
एक मूठ बंद.
डब्यापाशी थांबले.
झाकणावर ती. डोळे पिवळे, उघडे.
त्यांनी हळूच, "हुश" म्हटलं.
तिने कान हलवला, एकच.
नळ बंद करायचं मला सुचलं नाही,
पाणी वाहत होतं,
दोघं एकमेकांकडे बघत होते.

"सूनबाई," शेवटी ते म्हणाले,
"पानी दे."