सुप्तकाळ

सेगेड. नोव्हेंबर एकसष्ट.
तिसा नदीवर धुकं, आणि प्रयोगशाळेच्या काचांना
आतून घाम.
एतेल्का चौदा नंबरचा पिंजरा उघडते,
पांढरा उंदीर मुठीत घेते.
त्याची नाडी मोजता येत नाही, नुसती जाणवते,
किल्ली दिलेल्या घड्याळासारखी.

काल त्याच्या पंजात टर्पेंटाइनचा थेंब टोचला होता.
पंजा आता पिकल्या आलुबुखारासारखा.
कॅलिपर मिटवत आणून ती वाचते,
सहा पूर्णांक चार.
डॉक्टर वार्कोनी न बघता टिपून घेतात.
त्यांचा प्रश्न साधा आहे:
शरीराला मुळापासून हादरवलं
तर ते आपलं ठुसठुसणं विसरतं का?

मग कार्डियाझोल.
कुपीवरची छपाई आता हिरवी आहे,
नाव तेच.
सदोतीस साली बेनेदेकला हेच देत,
तिच्या धाकट्या भावाला, वेड्यांच्या इस्पितळात,
मंगळवारी आणि शुक्रवारी.
घरी आला तेव्हा तो बोलू लागला होता,
आईने चर्चमध्ये हाताएवढी मेणबत्ती लावली.
पाठीचे दोन मणके चेपलेत
हे पुढे कोळशाची बादली उचलताना कळलं.

त्याविषयी तो एकदाच बोलला,
अक्रोड फोडता फोडता:
"झटक्याचं काही नाही गं.
तेव्हा मी नसतोच.
सुई निघते, आणि झटका यायचा असतो,
मध्ये दहा-बारा श्वास.
त्यात मी असतो. सगळाच्या सगळा."
आणि गर तिच्या पुढ्यात सरकवला.

उंदीर थबकतो.
कान मागे. मिशा ताठ.
सतरा सेकंद.
मग मान उलटी, आणि चारी पाय
नसलेल्या जमिनीवरून धावत सुटतात.

संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली काप.
जांभळ्या पेशी, बाजार उठताना होते तशी गर्दी.
झटका आलेल्यांत जरा कमी.
कदाचित.
बारा उंदरांवर काय बोलणार,
डॉक्टर म्हणतात, आणखी बारा मागवू.
मग समासातल्या पेन्सिलीवर त्यांचं बोट थांबतं.
"हे सतरा कसलं?"
"थांबलेला असतो तेवढा वेळ."
"अच्छा. सुप्तकाळ."
ते खूश होतात, पट्टी घेऊन
नवा रकाना आखतात.

शुक्रवारी पंधरा नंबर.
टोचून झाल्यावर तो टेबलावर सोडायचा असतो,
नियम तसा आहे.
तिची मूठ उघडत नाही.
सात. आठ. तिच्या अंगठ्याखाली
ते एवढंसं काळीज.
नऊ. तो चावतो,
हाडापर्यंत.
ती सोडत नाही.

"हात का लावलास?" डॉक्टर ओरडतात,
"आकडा बाद!"
आणि पंधराव्या ओळीवर आडवी रेघ मारतात.

रात्री बोट सुजून आलं.
बेनेदेकने कोमट पाणी आणलं, मीठ टाकलं,
तिचा हात धरून
पाणी निवेपर्यंत बसून राहिला.
त्याने विचारलं नाही.