वीज गेल्यावर

बिरागो, वीज गेली तर जाऊ दे.
आख्ख्या सुआमेतले ग्राइंडर एकदम मुके झाले,
पलीकडे अम्पोफोचं वेल्डिंग अर्ध्यात विझलं,
आता त्याच्या शिव्या तेवढ्या ऐकू येतील.

ती एजुराची बाई बघ, बाकावर बसलीय
मांडीवर पुली घेऊन, झोपलेलं मूल धरावं तशी.
कालपासून तिची मक्याची गिरणी बंद आहे
बोटभर चावीसाठी.
कुमासीहून तिकडे जाणारी शेवटची ट्रोट्रो सहाला.
काढ कानस.

आधी शेगड्याच्या जबड्यात पितळी पट्ट्या घाल.
पोलाद पोलादाला चावतं, वळ राहतो.
आवळ, पण दांड्याला पाइप घालून नको.
एवढा जोर लागला
तर समज, धरण्यातच चूक आहे.

कानस कोपराच्या उंचीला.
जाताना कापते, येताना नाही.
येताना उचल.
फरफटत आणलीस की दात मरतात,
आणि मेलेली कानस इथे कुणी जिवंत करून देत नाही.
खडू घास तिच्यावर, शाळेतलाच चालतो,
कीस अडकणार नाही.
फुंकू नकोस! डोळ्यात जाईल.
ब्रश काय माझ्या मिशांसाठी आणलाय?

क्लॅम्प किती असावेत, विचारलं होतंस पहिल्या आठवड्यात.
माझ्याकडे एकोणीस आहेत
आणि रोज एक कमी पडतो.
आट्यांना जाड तेल नको, निदान हर्मटान वाहतोय तोवर.
वाळवंटाची ती पिठासारखी धूळ तेलात बसते
आणि आतल्या आत आटे खाते.
मेण चोळ. मेण नसेल तर कोरडंच ठेव.

हे बोट बघ. नखापासून पुढचं नाहीये ते.
तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही.
पातळ पत्रा होता. एकच भोक.
म्हटलं, एका भोकासाठी कोण क्लॅम्प लावत बसेल.
ड्रिल आरपार जाता जाता पत्र्याला अडकलं
आणि पत्रा माझ्यावरच फिरला.
क्लॅम्प खिळ्याला टांगलेला होता,
हात लांबवला असता तर मिळाला असता.
अजून तिथेच आहे. वरचा, लाल रंग उडालेला.

असो. लाव त्या दिव्याची काजळी चावीला. अगदी पुसट.
घाल खाचेत. काढ.
कुठे चकाकतंय? तेवढंच घास.
बाकीच्याला हात लावू नकोस,
डोळ्यांना कितीही वाटलं तरी.
पुन्हा काजळी. पुन्हा घाल.
पुन्हा.

अजून दोन हात मार, अडतेय.
का नाही?
कोण म्हणतं?
दाखव इकडे.
अंगठा फिरवू दे काठावरून…
हं.
कूस आहे. नुसती कूस राहिलीय काठाला.
दोन हात मारले असते
तर चावी खाचेत खुळखुळली असती महिनाभरात
आणि ही बाई परत आली असती, पुली घेऊन नाही, काठी घेऊन.

काढ कूस. हलक्या हाताने, तिरकी.
आता अंगठ्याने ढकल.
लाकडी हातोडी. एक टिचकी.
लोखंडी नको म्हटलं ना, लाकडी!
बस्स.

आली वीज. ऐकतेस ना,
गोल झाल्यासारखी ओरडतायत पोरं,
अम्पोफोच्या अंगात पुन्हा ठिणग्या आल्या.
बाई पदराची गाठ सोडतेय.
पैसे तूच घे तिच्याकडून,
वीसच कमी देईल, भांडू नकोस.

कानशी एकीवर एक टाकू नकोस पेटीत,
फडक्यात गुंडाळ वेगवेगळ्या.
आणि तो लाल क्लॅम्प
माझ्या खिळ्याला परत टांगू नकोस.
तुझ्या टेबलाकडे ने.
काय बघतेस? तिकडे खिळा नाहीये का?
मग ठोक एक.