दहा मीटरचा चौकोन

परभणीत, वसमत रोडला, दुसऱ्या मजल्यावर
कूलरच्या घरघरीत
तिवरांची झाडं मोजतेय मी,
समुद्र कधी न पाहिलेली.

वादळाआधीची प्रतिमा गडद लाल.
इथं हिरवं लाल दिसतं, सवय होते.
वादळानंतर आठ दिवस नुसते ढग.
नवव्या दिवशी खाडी उघडली
तर लालावर कुणी राख उपडी केलेली.

एक चौकोन दहा मीटर बाय दहा.
त्यात खोडं किती, विचारू नका.
रकाने तीन: बाधित, अंशतः बाधित, निरंक.
निरंक हा आमच्या तलाठ्याचा शब्द,
खाडीत मीच नेला.

चोगले तिकडे, गुडघाभर चिखलात.
मी फोनवर अक्षांश-रेखांश सांगते,
तो तिथं जाऊन उभा राहतो.
"मॅडम, तुमच्या नकाशात हे मेलंय ना?
साल खरवडली नखानं. आत ओलं आहे, हिरवं."
आणि शेजारचं?
"त्याला पानं आहेत. पण श्वासाची मुळं
दोन फूट गाळाखाली. वर्ष नाही काढणार."

मी दोन्ही चौकोन बदलले.
मग दुसरा पुन्हा होता तसा केला.
आज तर ते जिवंत आहे.

त्यानं पाकिटातून एक पान पाठवलं.
आई म्हणाली, "खाऱ्या पाण्यात झाड?
आपल्या बोअरनं तर कढीपत्ता जाळला,
हंड्याला बोटभर पांढरा थर."
मीठ पानातून बाहेर टाकतंय ते, म्हटलं.
तिनं पानाच्या पाठीला जीभ लावली.
"हाव की!"
आणि पान काही परत देईना.

अहवालाच्या शेवटी अचूकता लिहावी लागते.
शेकडा एक्क्याऐंशी.
उरलेल्या एकोणीस जागी
उभ्याला आडवं म्हटलं मी, की आडव्याला उभं,
ते त्या आकड्यात नसतं.

शिफारस: पुढच्या वर्षी प्रत्यक्ष पाहणी.
चोगलेला कळवलं, मी स्वतः येतेय.
"या की," म्हणाला, "फक्त भरती बघून निघा."

भिंतीवरचं कॅलेंडर चाळलं.
त्यात एकादशी आहे, चंद्रोदय आहे,
सोमवारी बाजार आहे.