वॉकर

चर्चमागच्या गवतात ती थडगी शोधत होती,
मी छत्री धरून मागे.
दगड झिजलेला, उन्हानं तापलेला,
नाव डोळ्यांना दिसेना.
शेवटी बोटानं चाचपून वाचलं तिनं:
वॉकर. खाडीपुलाच्या कामावरचा कुणी मिस्त्री,
तिच्या पणजोबांचा धाकटा भाऊ.

वॉकर म्हणजे चालणारा, मी आपलं शहाणपण केलं.
यॉर्कशायरहून ठाण्याला आला, म्हणजे चाललाच की!
नाही, म्हणाली. चालणं नव्हे, तुडवणं.
नवं लोकरी कापड हौदात, शिळ्या मुतात भिजवून
अनवाणी पायांनी मळायचं, दिवसभर.
त्याचं हे आडनाव.
कागद दाखवला, प्लॅस्टिकच्या पिशवीतला,
घडी न मोडता.

ती इंग्रजीत सांगत होती,
मला मराठीत ऐकू आलं: परीट.

एकाहत्तर साली अण्णांनी
राजपत्रात छापून आणलं आमचं नवं आडनाव,
ज्या गावात आमचं कुणी कधी राहिलं नाही
त्या गावाचं.
कात्रण लोखंडी कपाटात, मिक्सरच्या पावतीखाली.
आजोबांच्या टाचांच्या भेगा
अण्णांनी कधी कुणाला सांगितल्या नाहीत.

'आणि तुमचं? त्याचा काय अर्थ?'
काही नाही, म्हटलं, एक गाव.
तिनं वहीत लिहूनही घेतलं.

फाटकापाशी रिक्षा करून दिली.
घर दहा मिनिटांवर. चहाला चल म्हणणार होतो,
पण रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागला असता:
चरई, धोबी आळी.