पुढचं चाक

दिघोरीच्या चौकात पहाटे पाचला
दूधवाले आणि आम्ही दोघं.
लांजेवार अंगठ्यानं टायर दाबून बघतात,
बाजारात कलिंगड बघावं तसं,
आणि म्हणतात, "चला मॅडम,
पवनी काही इकडं चालत येऊन नाही राहिली."

बत्तीस वर्षं ते विजेच्या खांबांवर चढले,
आता सपाटीचं वेड घेऊन बसलेत.
मी मेडिकलात भुलीच्या टेबलाशी उभी,
आठवडाभर लोकांचे श्वास मोजते.
रविवारी माझे.

त्यांच्या मागच्या चाकापासून वीतभर
माझं पुढचं चाक.
कमी झालं तर दोघं पडू,
वाढलं तर मधे वारा शिरतो.
चार हिवाळे मी या माणसाची पाठ वाचलीय:
पिवळं जाकीट, डाव्या खांद्याशी शिवलेला खोचा.
खड्डा आला की करंगळी खाली जाते.
एवढीच आमची भाषा.

पाचगाव गेलं, कुही फाटा गेला.
रस्ता इतका सरळ
की समोर दिसलेला ट्रक येता येत नाही.
दोन्हीकडं तूर, मधेच एखादा मोह,
आणि उमरेड जवळ आल्याचं
दातांवरच्या कोळशानं कळतं.

तलावावर धुकं अजून निजलेलं.
कादंब आले होते, हिमालय ओलांडून म्हणे,
शंभर-सव्वाशे, एका पायावर.
मला वाटलं, यांच्याकडून काहीतरी शिकावं.
ते नुसते उभे.
एक हगला.
लांजेवार म्हणाले, "एवढ्या लांबून येऊन!"

भिवापुरात मिरचीचे सातरे,
जमीनच लाल झालेली,
बाया तोंडाला पदर बांधून मुके खुडताहेत.
आम्ही शिंकत, हँडल डुलवत चाललो तर
एक ओरडली, "काऊन बाप्पा, गाडी नाही का घरी?"
"हाय ना," हे म्हणाले, "तिले शिंका नाही येत."

पवनीच्या कोटात पिंपळाची रोपं रुजलीत.
वेशीखालून शाळेच्या सहलीची रिक्षा गेली,
मग एक बकरी, मग आम्ही,
पाय लटपटणारे, चकचकीत चड्ड्यांतले.
वेस कुणाला काही विचारत नाही आता.

वैनगंगेच्या घाटावर ते मधल्याच पायरीवर बसले.
"गॅस हाय," म्हणाले.
पाण्याची बाटली देताना मी मनगट धरलं,
जरा जास्त वेळ.
नदीकडं बघत मोजलं.
मधूनच एक ठोका गाळलेला,
घाईत लिहिलेल्या पत्रात शब्द राहावा तसा.

बसनं जाऊ, म्हटलं.
"अन् सायकल टपावर? लाजेनं गंजन ते."
भांडले. सोमवारी ओपीडीत येण्याचा शब्द घेतला,
तोही नदीची शपथ घालून,
माझा असल्या शपथांवर विश्वास नसताना.

परतताना उत्तरेचा वारा थेट तोंडावर.
काही न बोलता मी पुढं गेले.

समोर पाठ नसली की
रस्ता केवढा असतो!
वारा डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत नेतो,
आणि कुणी सांगत नाही खड्डा कुठं आहे.
माझी करंगळी आपणहून खाली गेली.
मागून साखळीची किरकिर येत होती,
मी ती मॉनिटरसारखी ऐकत राहिले.
आवाज आहे तोवर ठीक.
बावीसचा वेग हळूच सोळावर आणला,
विचारलं तर सांगू, गुडघा.
त्यांनी विचारलं नाही.
उमरेडच्या पुढं ते शिट्टी वाजवू लागले,
बेसूर, जुनंच काहीतरी,
तेव्हा कुठं माझे खांदे खाली आले.

दिघोरीला पोचलो तर दिवे लागलेले.
त्यांनी हेल्मेट काढलं, कपाळावर पट्टीचा वळ.
बशीत चहा ओतून फुंकर घालत म्हणाले,
"आज वारा कमी होता, नाही?"

"हव," मी म्हटलं.
ओठ फुटले होते.
चहा झोंबला.